अठरा नंबर

मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत इंडियानापोलिसला सहा महिने राहून आले. दुसऱ्या महिन्यात एका रात्री नातीला ताप चढला. तिला शालीत गुंडाळून आम्ही लहान मुलांच्या हॉस्पिटलात नेलं. दारावर मोठ्या अक्षरांत नाव होतं, पेटन मॅनिंग चिल्ड्रन्स हॉस्पिटल. ताप साधाच निघाला, तासाभरात बाळ शांत झोपलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येताना मी जावयांना विचारलं, "हे मॅनिंग कोण? मोठे देणगीदार दिसतात."

आपल्याकडे बोर्डिंगच्या, धर्मशाळेच्या, भोजनशाळेच्या दारावर ज्याचं नाव असतं त्यानं पैसे दिलेले असतात, हा माझा हिशेब. जावई हसले. म्हणाले, "आई, देणगीही देत असेल, पण मुळात तो फुटबॉल खेळणारा आहे."

फुटबॉल खेळणाऱ्याचं नाव लहान मुलांच्या हॉस्पिटलला! मला ते काही पटेना. पण पुढं चार महिने त्या माणसाची आणि त्याच्या घराची गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. नात मांडीवर, समोर जावयांचा रविवारचा सामना, आणि मधल्या विश्रांतीत माझे प्रश्न. ती गोष्ट ऐकता ऐकता मला माझ्याच घरातली एक गोष्ट अशी टोचली, की तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय आता गत्यंतर नाही.

आधी खेळ सांगते, कारण मलाही तो समजून घ्यावा लागला. तिकडचा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. तो छातीशी धरून पळायचं, नाहीतर पुढं फेकायचा आणि आपल्या माणसानं तो झेलायचा. मैदानात एका बाजूचे अकरा जण. त्यांतला जो मागं उभा राहून समोरच्यांची मांडणी वाचतो आणि चेंडू कुणाकडे जाणार हे दोन-तीन सेकंदांत ठरवतो, तो क्वार्टरबॅक. तोवर समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवं पाडायला धावत असतात. खेळ मला आवडला असं मी म्हणणार नाही. माणूस माणसावर आदळतो तो आवाज ऐकून मी कितीदा मान फिरवली. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालायला शिकलेली मी बाई. पण घराची गोष्ट वेगळी.

या घरातले वडील आर्ची मॅनिंग. मिसिसिपी राज्यातल्या ड्रू नावाच्या लहानशा गावचे. मिसिसिपी विद्यापीठाकडून ते क्वार्टरबॅक म्हणून खेळले, त्यांच्या शर्टाचा नंबर १८. त्यांच्यावर तिथल्या लोकांचं इतकं प्रेम, की त्या विद्यापीठाच्या आवारात गाड्यांना ताशी १८ मैलांची मर्यादा घातली आहे. पण हे कौतुक ऐकण्याआधी एक गोष्ट ऐकायला हवी. १९६९ च्या ऑगस्टमध्ये आर्चींच्या वडिलांनी आत्महत्या केली. आर्ची वीस वर्षांचे. वडिलांना तशा अवस्थेत त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. घरी आई आणि बहीण. आर्ची म्हणाले, मी कॉलेज सोडतो, नोकरी धरतो, घर बघतो. आईनं ऐकलं नाही. तिनं त्यांना परत विद्यापीठात पाठवलं.

हे वाक्य जावयांनी सहज सांगितलं आणि पुढं गेले. मी मात्र तिथंच थांबले. का, ते पुढं सांगते.

तिकडे कॉलेजातून निघणाऱ्या खेळाडूंना व्यावसायिक संघ पाळीपाळीनं निवडतात. आदल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला त्याची पाळी साधारणपणे आधी. १९७१ साली न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघानं आर्चींना दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. म्हणजे मान मोठा, पण संघ दुबळा. १९८० साली तो संघ सोळापैकी पंधरा सामने हरला. लोक लाजेनं डोक्यावर कागदी पिशव्या घालून सामन्याला येऊन बसायचे. आर्चींनी सुरुवातीपासून मैदानात उतरून खेळलेल्या सामन्यांत त्यांच्या वाट्याला ३५ विजय आणि १०१ पराभव आले. जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त, असा एकही मोसम त्यांना मिळाला नाही. अशा माणसाच्या घरी तीन मुलगे वाढले. थोरला कूपर, मधला पेटन, धाकटा एली.

मधला आणि धाकटा जगाला माहीत आहेत. पेटनला १९९८ साली इंडियानापोलिसच्या कोल्ट्स संघानं पहिल्याच क्रमांकावर निवडलं. पुढं पाच वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सुपर बोल म्हणजे त्यांचा वर्षातला अंतिम सामना. तो पेटननं दोनदा जिंकला, एकदा कोल्ट्सकडून आणि एकदा डेन्व्हरकडून. एलीही २००४ साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला आणि त्यानंही दोन सुपर बोल जिंकले. दोन्ही वेळा अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच. वडिलांना जे कधी मिळालं नाही ते दोन मुलांनी दोन-दोनदा घरी आणलं.

इथं पहिला प्रश्न येतो, आणि आपल्या व्यापारी घरांतून तो रोज येतो. यातलं मुलांचं स्वतःचं किती आणि घराचं किती? गादीवर बसलेल्या मुलाला लोक मागून म्हणतातच ना, "बापाचं दुकान आहे, त्याला काय!"

आपल्याकडे उपादान आणि निमित्त असे दोन शब्द आहेत. घडा व्हायची योग्यता मातीत असते, ते उपादान. कुंभार, चाक, काठी ही निमित्तं. नुसत्या वाळूला कुंभार किती फिरवेल? घडा काही होणार नाही. पेटनच्या बाबतीत हे उघड दिसतं. पहिल्या वर्षी त्याचा संघ सोळापैकी तेरा सामने हरला. त्याचे अठ्ठावीस चेंडू समोरच्या संघानं झेलले, नव्या खेळाडूसाठी तो वाईट अर्थानं विक्रमच. बापाचं नाव मैदानात चेंडू झेलायला येत नाही. पुढची वर्षं त्यानं जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघून समोरच्यांची मांडणी पाठ केली, आणि त्याची तयारी हीच त्याची ओळख झाली. हे त्याचं उपादान.

पण म्हणून निमित्त काहीच नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एलीचं बघा. २००४ साली पहिली पाळी सॅन डिएगोच्या संघाची होती. एलीला तिथं खेळायचं नाही, असं मॅनिंग घरानं आधीच कळवलं होतं. तरी त्यांनी त्याला निवडलं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि त्याच दिवशी अदलाबदल होऊन तो न्यूयॉर्कला गेला. वडिलांवर खूप टीका झाली. गरीब घरातल्या पोराला "मला तुमच्याकडे यायचं नाही" असं म्हणता आलं असतं का? नसतंच आलं. नाही म्हणायची ताकद ही घरातून मिळालेली गोष्ट आहे. स्वतः दहा-बारा वर्षं हरणाऱ्या संघात पिचलेल्या बापाला मुलासाठी तसं वाटणं मी समजू शकते, पण ते सगळ्यांशी न्यायाचं होतं असं नाही म्हणवत. पुढं एलीनं नेहमीच्या मोसमांत ११७ सामने जिंकले आणि ११७ च हरले. अगदी बरोबरीत. ते ऐकून मी जावयांना म्हटलं, "समभाव म्हणतात तो हाच की काय!"

तर निमित्ताचं ऋण असतं. ते मानायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि इथं मला थोरला कूपर आठवतो.

कूपर वडिलांसारखा फेकणारा नव्हता, झेलणारा होता. उंच, चपळ आणि घरातला सगळ्यात विनोदी. १९९१ साली न्यू ऑर्लिन्सच्या एकाच शाळेच्या संघात दोघं भाऊ होते. धाकटा पेटन फेकायचा, थोरला कूपर झेलायचा. कूपरच्या पाठीवर वडिलांचाच १८ नंबर. वडिलांच्याच विद्यापीठात त्याला खेळायला घेतलं. तो तिथं गेला, आणि त्याची बोटं बधिर होऊ लागली. तपासण्या झाल्या. पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची वाट जन्मापासूनच अरुंद निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, आता हा खेळ नाही. एखादा जोराचा धक्का बसला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. मुलगा अठरा वर्षांचा. पुढं शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर त्याला चालायलाही नव्यानं शिकावं लागलं.

त्या दिवसांत कूपरनं पेटनला पत्र लिहिलं. मला आता खेळता येणार नाही, माझं स्वप्न मी तुझ्यातून जगेन, अशा अर्थाचं. आणि पेटननं शाळेच्या संघात भावाचा १८ नंबर घेतला. पुढं व्यावसायिक झाल्यावर इंडियानापोलिसमध्येही तोच, डेन्व्हरमध्येही तोच. एवढा मोठा खेळाडू व्यावसायिक खेळात शेवटपर्यंत भावाचा आकडा पाठीवर घेऊन पळला.

नात मांडीवर झोपली होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले, आणि तिथं मला अक्का आठवली.

आमची अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. निपाणीला आमचं भांड्यांचं दुकान. आई गेली तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी चौदाची, भाऊ दहाचा. दिवस झाल्यावर अक्कानं पुस्तकं गोणपाटात बांधली आणि माळ्यावर टाकली. तिला कुणी "सोड" म्हटलं नाही हे खरं. पण "सोडू नकोस" असंही कुणी म्हटलं नाही. वडील गप्प, काकू गप्प. घरात भाकरी कोण करणार या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. आर्ची मॅनिंगला परत पाठवणारी आई होती. अक्काला परत पाठवणारी आईच गेली होती. आणि आणखी एक जाणवलं. त्या मिसिसिपीच्या घरात आर्ची परत गेल्यावर मागं आईच्या जोडीला बहीण राहिली. गोष्टीत ती तेवढ्यापुरतीच येते, नंतर जाते. सगळीकडच्या गोष्टींत बहिणी अशाच येतात.

अक्का शाळेत निबंधाला पहिली असायची. मास्तर तिची वही वर्गात वाचून दाखवायचे. मला लिहिता येतं असं जे आज लोक म्हणतात, ते मला अक्कानं शिकवलं. आपल्या घरी जेवणं सूर्यास्ताच्या आत, त्यामुळं संध्याकाळ लांब असायची. भांडी घासून झाली की अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, उद्याचं धान्य निवडत. मी समोर वही घेऊन माझा निबंध वाचायची. ती खडे काढता काढता म्हणायची, "हे वाक्य तुझं नव्हे. कुठंतरी ऐकलेलं आहे. काढ." मग मी खोडायची. तिची नजर धान्यावर, कान माझ्या वाक्यावर. खडा आणि खोटं वाक्य, दोन्ही तिच्या हातून सुटत नसत.

मी बी. ए. झाले. लग्न होऊन बेळगावला आले. अक्काचं लग्न आधीच इचलकरंजीला झालं होतं. माझे लेख छापून यायला लागले की ती ते कापून जुन्या हिशेबाच्या वहीत चिकटवायची. आणि माझं पहिलं पुस्तक निघालं त्या दिवशी काय झालं? मी व्यासपीठावर उभी राहून आभार मानले. यजमानांचे, सासूबाईंचे, अध्यक्षांचे, महिला मंडळाचे, छापणाऱ्यांचे, माईक लावणाऱ्या मुलाचे सुद्धा. अक्काचं नाव घेतलं नाही. ती तिसऱ्या रांगेत होती. सकाळच्या एस.टी.नं आली होती, मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. सगळ्यांत आधी टाळ्या तिनंच वाजवल्या.

मुद्दाम नाही केलं. विसरले. पण हे "विसरले" म्हणणं मला इतकी वर्षं पुरत होतं, ते त्या दिवशी पुरेनासं झालं. आपल्याकडे हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मारायचा हेतू नव्हता, लक्ष नव्हतं, एवढ्यानं सुटका होत नाही. खाली न बघता टाकलेल्या पावलाचाही दोष लागतो. मग समोर बसलेल्या माणसाला न बघता केलेल्या भाषणाचा का लागू नये?

आता तुम्ही म्हणाल, बहिणी-बहिणींत कसले आलेत आभार? अक्काला आनंदच झाला असेल. हो, झाला. याच आनंदाबद्दल मला बोलायचं आहे.

आपल्याकडे चार भावना सांगितल्या आहेत. मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य. सगळ्या जीवांशी मैत्री, गुणवंताला पाहून आनंद म्हणजे प्रमोद, दुःखिताबद्दल करुणा, आणि उलट वागणाऱ्याबद्दल मध्यस्थ वृत्ती. मंडळात आम्ही या भावनांवर कितीदा बोललो आहोत. मला वाटत आलंय की यांतली सगळ्यात अवघड प्रमोद. परक्याचं यश बघून आनंद होतो, लांबच्या नातेवाइकाचंही चालतं. पण ज्या घरात आपणही वाढलो, ज्या ताटात आपणही जेवलो, त्याच घरातल्या दुसऱ्याला जे आपल्याला हवं होतं तेच मिळालं, तर? त्याच्याकडे बघून खरा आनंद व्हायला मन फार स्वच्छ लागतं. कूपर मॅनिंगनं भावांचे सामने वर्षानुवर्षं बघितले. व्यवसाय केला, टीव्हीवर लोकांना हसवलं, संसार केला. त्याच्या मनात आत काय चाललं असेल हे मी सांगू शकत नाही. पण जे पत्र त्यानं अठराव्या वर्षी लिहिलं त्याला मी प्रमोदच म्हणेन.

मात्र एक धोका आहे, आणि तो आपण बायकांनी नीट ओळखायला हवा. प्रमोद ही स्वतःहून यायची गोष्ट आहे, दुसऱ्यानं मागायची नव्हे. आपल्या घरांत ती मागितली जाते. "भाऊ इंजिनिअर झाला, तुला आनंद नाही का?" "धाकटीचं पुस्तक निघालं, केवढं भाग्य तुमचं!" जिचं शिक्षण सुटलं तिनं दुसऱ्याच्या शिक्षणावर खूश राहावं, ही अपेक्षा इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यात खोच आहे हेही कळत नाही. त्याग तिनं करायचा, वर हसूनही तिनंच दाखवायचं. मग तो आनंद खरा की सवयीचा, हे तिलाही सांगता येत नाही. मिळालेल्यानं न मिळालेल्याकडून आनंदाची वसुली करणं, याला मी तरी धर्म म्हणणार नाही.

दुसरा धोका त्याहून मोठा. आमच्या मंडळात एकदा अक्काचा विषय निघाला, तेव्हा एक बाई म्हणाल्या, "अंतराय कर्म हो, दुसरं काय. लाभ व्हायचा नव्हता." बोलल्या चांगल्या मनानं. मीही मान हलवली. आज ती मान हलवल्याची लाज वाटते. अंतराय कर्म मी मानते. लाभाच्या, भोगाच्या, शक्तीच्या आड येणारं कर्म असतं ही आपली शिकवण आहे आणि स्वतःच्या दुःखाला समजून घ्यायला तिचा मला अनेकदा आधार झाला आहे. पण ती शिकवण प्रत्येकानं आपापल्यावर लावायची आहे. दुसऱ्याच्या दुःखावर मी ती लावली की मी मोकळी होते. तिचं कर्म तिच्या नावावर टाकलं की घरात भाकरी कोण करणार हा प्रश्न न विचारल्याची जबाबदारी आमची उरत नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या कूपरला कुणी म्हणालं असतं, "तुझंच पूर्वकर्म," तर आपण त्याला ज्ञानी म्हटलं असतं की निष्ठुर? मग अक्काला म्हणताना आपण ज्ञानी कसे होतो?

पेटननं काय केलं ते आता पुन्हा बघा. त्यानं भावाला "खूश हो" म्हटलं नाही. "नशीब" म्हटलं नाही. त्यानं आकडा घेतला आणि पाठीवर लावला. जे दिसेल, ज्याबद्दल लोक विचारतील आणि विचारल्यावर भावाचं नाव सांगावं लागेल, असं काहीतरी केलं. आनंद कूपरनं द्यायचा होता, तो त्यानं दिला. ऋण पेटननं मानायचं होतं, ते त्यानं मानलं. दोघांनी आपापली बाजू सांभाळली. आपल्या प्रतीकाच्या खाली तत्त्वार्थसूत्रातलं जे वचन असतं, जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं असं सांगणारं, त्यातला "एकमेकां" हा शब्द मला इतक्या वर्षांनी एका फुटबॉलवाल्याच्या शर्टावर नीट वाचता आला. एकीकडूनच वाहणाऱ्या उपकाराला एकमेकांचा उपकार म्हणत नाहीत.

इंडियानापोलिसच्या स्टेडियमबाहेर पेटनचा पुतळा आहे. जावई एकदा आम्हाला तिथं घेऊन गेले. तिथंच त्यांनी सांगितलं की २०११ च्या मोसमात मानेच्या शस्त्रक्रियांमुळे पेटन एकही सामना खेळू शकला नाही. भावाचा कणा गेला होता, आता याची मान. हाताच्या नसा इतक्या दुबळ्या झाल्या होत्या, की एका मित्राकडे फेकलेला चेंडू मध्येच जमिनीवर पडला आणि मित्राला वाटलं हा चेष्टा करतोय. त्याच मोसमाचा अंतिम सामना २०१२ च्या फेब्रुवारीत याच स्टेडियममध्ये झाला आणि तो जिंकला धाकट्या एलीनं. भावाचं घर, घरधनी आजारी, आणि अंगणात उत्सव धाकट्याचा. महिनाभरानं संघानं पेटनला मोकळं केलं. ज्या प्रमोदाची परीक्षा कूपरनं अठराव्या वर्षी दिली, ती पेटनला पस्तिशीत द्यावी लागली.

मग तो डेन्व्हरला गेला. तिथं १८ नंबर कुणालाच मिळत नव्हता. त्या संघाचे पहिले क्वार्टरबॅक फ्रँक ट्रिपुका यांच्या सन्मानार्थ तो कायमचा बाजूला ठेवला होता. वयोवृद्ध ट्रिपुका म्हणाले, घालू दे त्याला. पुढच्या वर्षी ते वारले. त्याच मोसमात पेटननं त्यांच्या परवानगीचा तो शर्ट घालून एका मोसमात ५५ टचडाउन फेकींचा विक्रम केला. आपल्या सन्मानाचा आकडा दुसऱ्याच्या पाठीवर बघून खूश होणारा हा म्हातारा मला फार आवडला. याच्याकडे कुणी आनंद मागितला नव्हता. परवानगी मागितली होती, आनंद त्यानं पदरचा घातला.

दशलक्षण पर्व मी तिकडेच केलं. मुलीच्या घरी, कोपऱ्यात छोटी फोटोफ्रेम, सकाळी पूजा, दुपारी फोनवर प्रवचन. शेवटी क्षमावणीचा दिवस आला. दरवर्षी यादी काढून सगळ्यांना फोन करायचे, "काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." अक्कालाही दरवर्षी करते. पण "काही चुकलं असेल तर" हे वाक्य किती सोयीचं आहे! उंबऱ्यावर बसलेली अक्का असती तर म्हणाली असती, "हे वाक्य तुझं नव्हे. काढ." म्हणून ते काढलं.

फोन लावला. इचलकरंजीत सकाळ होती, मागं कुकरची शिट्टी. म्हटलं, "अक्का, माझ्या पुस्तकाच्या कार्यक्रमात मी तुझं नाव घेतलं नाही. ते चुकलं. असेल-बिसेल नाही, चुकलंच."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "काय गं, तू तिकडं नात सांभाळायला गेलीस की जुनी मढी उकरायला?"

मी तिला मॅनिंग भावांची गोष्ट सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकत होती. अठरा नंबर म्हटल्यावर म्हणाली, "आपल्यात अठरा म्हणजे अठरा दोष की गं. अरिहंताला नसतात ते. तुझ्यात किती राहिलेत मोज." आणि हसली. मग म्हणाली, "नाव घेतलं असतंस तर उठून उभं राहावं लागलं असतं. त्या दिवशी गुडघे लई दुखत होते. बरंच झालं."

मी काही बोलले नाही. कुकरची आणखी एक शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग हळू म्हणाली, "वाईट वाटलं होतं. एस.टी.त बसल्यावर. निपाणी येईस्तोवर. मग गेलं."

इतक्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदा सांगितलं. मी पहिल्यांदा विचारलं म्हणून सांगितलं. तिचा आनंद खोटा नव्हता, तिचं वाईट वाटणंही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच एस.टी.तून एकाच डब्यासोबत घरी गेलं. मी त्यातलं एकच बघितलं होतं, मला सोयीचं तेवढं.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी पाठीवरून उतरलेला शर्ट तुम्ही घालून फिरत असाल. थोरल्या जावेनं स्वयंपाकघर सांभाळलं म्हणून तुमची नोकरी झाली असेल, आईनं गावाकडची म्हातारी माणसं बघितली म्हणून तुमचा शहरातला संसार उभा राहिला असेल. त्या बाईला आनंद झालाय की नाही हे विचारू नका, तो तिचा प्रश्न. तिचं नाव चारचौघांत घ्या. बास.

हा लेख छापायला देण्याआधी मी अक्काला फोनवर वाचून दाखवला. तिनं तीन वाक्यं काढायला लावली. काढली.